नवमीच्या पाटावरचा कंडेन्सर

३० सप्टेंबर, मंगळवार. उद्या खंडेनवमी. आज गिरणी खरवडून काढायची.

गिरणी साफ करणं म्हणजे पीठ झाडणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा येऊन बघावं. झाडूनं निघतं ते वरवरचं. त्याच्याखाली पावसाळ्यात दमट होऊन बसलेला थर असतो, तो उलथन्यानंच निघतो. मी स्टुलावर चढून भिंतीवरच्या बोर्डाभोवतीचं पीठ खरवडत होते आणि सासूबाई उंबऱ्यात बसून डाव्या बाजूला राहिलंय, उजव्या बाजूला राहिलंय, असं सांगत होत्या. खरं तर बंद पडलेली गिरणी एवढी घासायची गरज नव्हती. पण नवमीला यंत्राची पूजा असते, आणि बंद असली तरी ती यंत्रच. शिवाय माझ्या मनात ती दोनच दिवस बंद राहणार होती.

बाकी कुणाच्या मनात तसं नव्हतं. निमोण्यात रस्त्याला लागून असलेला हा गाळा सासूबाईंच्या नावावर आहे. गिरणी मी चालवते. माझे धाकटे दीर सणसवाडीला असतात, तिथं बाहेरून आलेल्या कामगारांना खोल्या भाड्यानं देतात. त्यांना कुठलीही मोकळी जागा दिसली की तीत भाडेकरू दिसायला लागतो. गिरणी बंद पडून आठवडा होत नाही तोच त्यांनी एक मोबाइलचा दुकानवाला गाठला आणि दसऱ्याला सकाळी दहाचा मुहूर्तही ठरवून टाकला. सासूबाईंनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि निकाल दिला.

"दसऱ्याला धाच्या आत मशीन फिरली तर फिरली. न्हाई फिरली तर दिऊन टाक तुज्या मोबाईलवाल्याला. पर दोगांनी माज्या म्होरं भांडायचं न्हाई."

आता गिरणी बंद का पडली ते सांगते. पडली नव्हती, पाडली होती. दोन वर्षांपासून आमची मोटर बटण दाबलं की नुसती हुंऽऽ करायची, फिरायची नाही. मग पट्ट्याला हातानं एक जोराचा झटका दिला की सुरू. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. रांगेत ज्याचा डबा पहिला, त्यानं पट्टा ओढायचा, असा आमच्याकडं नियमच पडून गेला होता. मी बटण दाबायचे, ओरडायचे, "हाणा!" आणि पहिला नंबर हाणायचा. काही बायका तर एवढ्या तरबेज झाल्या होत्या की एका हातात चाळण धरून दुसऱ्या हातानं ओढायच्या.

पितृपंधरवड्यात एका आबांचा पहिला नंबर लागला. त्यांनी पट्टा ओढला आणि धोतराचा सोगा आत गेला. मी बटण बंद करेपर्यंत धोतर गेलं, आबा राहिले. आणखी हातभर आत गेले असते तर त्याच पंधरवड्यात त्यांचं पान वाढावं लागलं असतं. सासूबाईंनी आबांना घरातलं लुगडं गुंडाळून घरी पाठवलं आणि गिरणीला कुलूप घातलं. "हातानं वढायचं बंद. तशी फिरत आसंल तर फिरवा."

शिरूरचा मेकॅनिक आला. तो कसा येतो हे पुढं सांगते. त्यानं मोटरीला कान लावला, नाक लावलं आणि म्हणाला, "वहिनी, वाइंडिंग गेलं. ही भंगारात टाका, नवी घ्या."

दोन महिन्यांपूर्वी मी मान डोलावली असती. आता मी त्याला विचारलं, "वाइंडिंग गेलं असतं तर हातानं ओढल्यावर दिवसभर कशी चालली असती?"

तो म्हणाला, "तुमी बाया लई इचार करता," आणि गेला.

विचार मी दौंडला शिकले होते. माझी धाकटी बहीण दौंडला रेल्वेच्या वसाहतीजवळ राहते. तिच्या गल्लीतल्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये बायकांसाठी दहा रविवारांचा वर्ग निघाला. घरातली विजेची उपकरणं दुरुस्त करायची, त्याआधी साधी सर्किटं समजून घ्यायची. शिकवणारे रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना आप्पा म्हणत. बहिणीनं माझंही नाव घातलं, कारण तिला एकटीला जायचा कंटाळा होता. मी गेले, कारण मला त्या मेकॅनिकचा कंटाळा होता. दर रविवारी पहाटेचा स्वयंपाक उरकून, दोन गाड्या बदलून मी दौंडला पोचायचे.

तिसऱ्या रविवारी आप्पांनी कंडेन्सर काढला. नऊ व्होल्टची बॅटरी, एक बटण, एक रेझिस्टर आणि उभ्या डबीसारखा कंडेन्सर. त्याला मीटर लावलं. बटण दाबलं की एकीनं घड्याळ बघून दर दहा सेकंदांनी "हं!" म्हणायचं, दुसरीनं मीटरचा आकडा वाचायचा, तिसरीनं लिहायचा. आम्ही सात जणी होतो, त्यामुळे उरलेल्या चौघींनी चुका काढायच्या.

"कंडेन्सर म्हंजी पान्याची टाकी समजा," आप्पा म्हणाले. "नळ चालू केला, टाकी भरली."

बहीण म्हणाली, "आप्पा, आमच्या नळाला दोन दिवसांआड पाणी येतं. टाकी कधी भरलेली मी पाहिली नाही."

"समजा की वो. समजायला काय जातंय?"

पण माझी अडचण वेगळी होती. वहीतले आकडे होते ते असे: दहा सेकंदांनी साडेपाचच्या थोडं वर, वीस सेकंदांनी पावणेआठ, तीस सेकंदांनी साडेआठ. पहिल्या दहा सेकंदांत एवढी मोठी उडी आणि पुढं ही चाल मंदावलेली. नळाखालची टाकी अशी भरत नाही. नळ सारखाच सुटला असेल तर ती शेवटपर्यंत सारखीच भरते. मी तसं म्हटलं.

आप्पांनी वही ओढून आकडे परत वाचले. मग म्हणाले, "मंग तुमीच सांगा ताई, अशी काय भरती?"

"जावई भरतो," मी म्हणाले.

हॉलमध्ये हसू फुटलं, पण मला गंमत करायची नव्हती. जावई जेवायला बसला की पहिली पुरणपोळी ताटात पडायच्या आत संपते. दुसरीही. तिसरीला तो मध्ये पाणी पितो. चौथीला गप्पा मारायला लागतो. पाचवी अर्धी उरते आणि सहावीला तो ताटावर आडवा हात धरतो. वाढणारी तीच, पोळी तीच. पोट जसजसं भरत जातं तसा आत ओढायचा जोर कमी होतो. आणि मधला रेझिस्टर म्हणजे स्वयंपाकघराचं दार. दार अरुंद असलं की पोळ्या सावकाश येतात आणि जावई सावकाश भरतो. जावयाचं पोट मोठं असलं तरीही वेळ लागतो.

आप्पांनी खिशातून डायरी काढली आणि त्यात लिहून घेतलं. "इतकी वर्सं टाकीच सांगत आलो," ते म्हणाले. "एकालाबी शंका आली न्हाई."

मग त्यांनी त्यातला हिशेब सांगितला. पहिल्या दहा सेकंदांत जवळजवळ दोन-तृतीयांश भरतो. पुढच्या दहांत जे उरलं आहे त्याच्या दोन-तृतीयांश. त्याच्या पुढच्या दहांत पुन्हा उरलेल्याच्या दोन-तृतीयांश. एकीनं विचारलं, "मग पुरे नऊ कधी होणार?" आप्पा म्हणाले, "नवाला टेकंल, पर हिशेबानं बगाल तर पुरं नऊ कवाच न्हाई."

हे मात्र मला लगेच पटलं, कारण आमचा मेकॅनिक असाच येतो. पहिल्या फोनला तो शिरूरहून निघालेला असतो. दुसऱ्या फोनला निम्म्याहून जास्त रस्ता आलेला असतो. तिसऱ्याला फाट्यावर, चौथ्याला "दिसतंय तुमचं गाव". पाचव्या फोनलाही गाव दिसतच असतं. तो सारखा जवळ येत असतो आणि पोचत नसतो.

रिकामं होणंही तसंच. आप्पांनी बॅटरी काढली आणि भरलेल्या कंडेन्सरला एक बारीक एलईडी जोडली. ती झोकात पेटली, पटकन निम्मी झाली आणि मग इतका वेळ मिणमिणत राहिली की ती विझली की नाही यावर दोघींची बाचाबाची झाली. सुरुवातीला धडाधड आणि शेवटी चिकट. बहिणीनं वहीत शेजारी लिहिलं: 'सासूचा राग'. तिची सासू वाचायला शिकलेली आहे हे ती विसरली, पण तो विषय वेगळा.

सहाव्या रविवारी मोटरी आल्या. आप्पा म्हणाले, घरगुती विजेवरच्या मोटरीला आपण होऊन कुठल्या बाजूला फिरायचं ते कळत नाही. ती जागेवर हुंऽऽ करत बसते. सुरुवातीचा धक्का कंडेन्सर देतो.

मी हात वर केला. "आप्पा, आमच्याकडं तो धक्का गिऱ्हाईक देतं."

सगळ्या हसल्या. आप्पा हसले नाहीत. त्यांनी मला उभं करून सगळं विचारून घेतलं, पट्टा किती रुंद, कोण ओढतं, कशानं ओढतं, आणि मग म्हणाले, "ताई, तुमचा कंडेन्सर मेलाय आन् तुमी त्याच्या जागी मान्सं लावलीत."

तेव्हाच मी कंडेन्सर बदलायला हवा होता. पण दोन वर्षं चाललंय तर आणखी महिना चालेल, असं माझ्या मनानं घेतलं. त्या महिन्यातच आबांचं धोतर गेलं. ही चूक माझी, मेकॅनिकची नाही.

शेवटच्या रविवारी मी जुना कंडेन्सर पिशवीत घालून नेला. आप्पांनी वर्गात प्रत्येकीकडून एक फळी करून घेतली होती. फळीवर दोन बल्ब आणि घरातली वीज एकाच दिशेनं सोडणारा एक डायोड. पहिल्या बल्बातून कंडेन्सर भरायचा: बल्ब लख्खकन पेटतो आणि विझत जातो, म्हणजे भरला. मग तोच कंडेन्सर दुसऱ्या बल्बाला लावायचा: तो एकदा लुकलुकतो, म्हणजे रिकामा झाला. आमचा जुना लावला तर एकही बल्ब पेटला नाही. पोटच बंद. दौंडच्या दुकानातून त्याच आकड्याचा नवा घेतला. निघताना आप्पांनी दहा रविवारांत दहा वेळा सांगितलेलं अकराव्यांदा सांगितलं. "वीज बंद केली म्हंजी कंडेन्सर रिकामा झाला असं न्हाई. भरलेला कंडेन्सर बल्बावर रिकामा केल्याबिगर खाली ठिवायचा न्हाई."

तर मंगळवारी गिरणी खरवडून झाल्यावर मी नवा कंडेन्सर फळीवर भरला. बल्ब पेटला, विझत गेला. नामी माल होता. आता तो रिकामा करायचा आणि लगेच मोटरीला बसवायचा, एवढंच काम. पण माझ्या मनात आलं, हा सकाळपर्यंत धरतो का बघू. पुस्तकात लिहिलेलं असतं, पण आपल्या डोळ्यांनी बघण्यात वेगळं समाधान असतं. बसवायला काय, सकाळी अर्ध्या तासाचं काम. मी तो भरलेलाच कोनाड्यात ठेवला आणि घरी गेले.

बुधवारी सकाळी मी झेंडूची फुलं आणायला शेताच्या बांधावर गेले. घरधनी कंपनीत, तिथंही यंत्रांची पूजा असते आणि पेढे मिळतात, म्हणून ते चुकवत नाहीत. दीर सणसवाडीहून गाडी घेऊन सकाळीच आले. गाळा रिकामा करून घ्यायला आले होते, तरी डिकीत गव्हाचा डबा होताच. सणसवाडीच्या गिरणीचं पीठ त्यांच्या बायकोला जाड लागतं. घरात पुरुषमाणूस हजर आहे म्हटल्यावर सासूबाईंनी पूजा त्यांनाच सांगितली.

मी फुलांची पाटी घेऊन गिरणीच्या दारात आले तेव्हा पूजा निम्मी झाली होती. पाटावर जात्याचे दगड टोकरायची टाकी, पाना, पक्कड, खुरपं, विळा, माझी दोन बल्बांची फळी मांडलेली. आणि सगळ्यांच्या मधोमध, दोन्ही टोकं वर करून, कंडेन्सर. कोनाड्यात जे जे चकचकीत दिसलं ते सासूबाईंनी खाली घेतलं होतं. दिरांनी कुंकू पाण्यात कालवलं होतं. दोन बोटं बुडवून ते एकेका हत्याराला लावत चालले होते. विळा झाला. खुरपं झालं.

"भाऊजी, हात..." एवढंच मी म्हणाले.

"आयोऽऽव!"

दीर मागं पिठाच्या पोत्यावर जाऊन बसले. कुंकवाची वाटी त्यांच्या पांढऱ्या शर्टावर, तांब्या आडवा, पाणी माझ्या चपलांखाली. दोन बोटांनी त्यांनी एकाच वेळी दोन्ही टोकांना कुंकू लावलं होतं. एका बोटानं लावलं असतं तर काही झालं नसतं, पण देवाधर्माच्या कामात ते हात आखडत नाहीत.

मी पाटी टाकून त्यांच्याकडं गेले. बोटं पाहिली, चटका नव्हता. "छातीत धडधडतंय का?"

"धडधडतंय म्हंजी? ट्रॅक्टर चालू झालाय!"

"दुखतंय का?"

"न्हाई. पर वहिनी, ते काय हुतं?"

मी उत्तर द्यायच्या आत सासूबाई पदर डोक्यावर घेऊन पाटापुढं वाकल्या होत्या. "यंत्र जागं झालंय," त्या म्हणाल्या. "बगितलंस? नवमीच्या दिशी झटका दिला. तिला मोबाईलवाला नगं हाय. आता ह्या गाळ्याला हात लावायचा न्हाई कुनी."

दिरांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. ते वाद घालायच्या स्थितीत नव्हते. म्हणजे मी नुसती गप्प बसले असते तरी गाळा वाचला असता. कंडेन्सर कायमचा पाटावर गेला असता, त्याला रोज हळद-कुंकू लागलं असतं, मोबाइलवाला परत गेला असता.

पण मग मोटरीला काय बसवलं असतं? जागृत देव काढून मोटरीत स्क्रूनं आवळायची परवानगी सासूबाईंनी मला या जन्मी दिली नसती. गाळा राहिला असता आणि गिरणी गेली असती. शिवाय एक माणूस माझ्या चुकीनं पोत्यावर बसला होता आणि नाव देवीचं येत होतं, हेही बरं नव्हतं.

"आत्याबाई, देवी नव्हे. मी," मी म्हणाले. "काल मी तो भरून ठेवला होता. रिकामा करायचा राहिला. राहिला म्हणजे, मीच ठेवला."

दिरांनी मान वर केली. "वहिनी, तुमी मला करंट दिला?"

"दिला नाही. ठेवला होता."

"गाळ्यासाठी?"

"सकाळपर्यंत टिकतो का बघायला."

"मंग बगितलं का?"

"तुम्ही बघितलंत की. टिकतो."

सासूबाईंना यातलं काहीच अडचणीचं वाटलं नाही. "रातभर त्यात कोन व्हतं मग?" त्यांनी विचारलं.

"वीज होती."

"मंग? ती काय देवापरीस येगळी हाय व्हय?"

यावर दहा रविवारांत काही शिकवलेलं नव्हतं. मी सरळ कंडेन्सर उचलायला हात पुढं केला, म्हटलं आत्ताच बसवून टाकू. सासूबाईंनी माझ्या हातावर चापट मारली.

"पूजलेलं हत्यार आज उचलत्यात व्हय? दसऱ्याला सकाळी पाट हालवल्यावर. त्याच्या आदी खुरपंबी उचलायचं न्हाई."

हे मी विसरले होते. नवमीला हत्यारं विश्रांती घेतात. आमच्याकडं त्या दिवशी कात्रीनं दोरासुद्धा कापत नाहीत. पाना पाटावर, पक्कड पाटावर, कंडेन्सर पाटावर. काल अर्ध्या तासाचं काम उरकलं असतं तर आज कंडेन्सर मोटरीत बसलेला असता. दिरांना तेवढ्यात रंग चढला. शर्टावरचं कुंकू झटकत ते म्हणाले, "बरं मंग. उद्या धाला बगू. मी ऱ्हातो आज हितंच."

मी आप्पांना फोन केला आणि झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी आधी दिरांची छाती दुखते का ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "मोठा कंडेन्सर आसता, दोन टोकांना दोन हात आसते, म्हंजी काय झालं आसतं ते कळतंय का? तुमाला पास केलंय ते मी माघारी घेतो." आणि फोन ठेवायच्या आधी, "उद्या बसवायच्या आदी दोनदा बल्ब लावा. आन् कुंकू पुसा. कुंकवानं कनेक्शन हुत न्हाई." मी दिवसभर पाटासमोरून येता-जाता त्या डबीकडं बघत होते. बायका दारात येऊन नमस्कार करून जात होत्या. सासूबाई कुणाला काय सांगत होत्या ते मी ऐकलं नाही, पण दोघी-तिघींनी कंडेन्सरला लांबूनच हात जोडले, जवळ कुणी गेलं नाही. तेवढं एक बरं झालं.

गुरुवारी, दसऱ्याच्या सकाळी, सासूबाईंनी अक्षता टाकून पाट हलवला. मी कंडेन्सर उचलला तो कडेनं धरून, आणि बल्बाला लावला. काही नाही. पुन्हा लावला. काही नाही. सगळं दिरांनी घेतलं होतं. कोरड्या फडक्यानं कुंकू पुसलं, टोकं पॉलिश पेपरनं घासली, वायरी आवळल्या, झाकण बसवलं. तोवर आज गिरणी फिरणार हे ऐकून दारात डब्यांची रांग लागली होती. पट्टा उतरवून ठेवला आणि बटण दाबलं. मोटर नेहमीसारखी हुंऽऽ करणार म्हणून रांगेतला पहिला नंबर सवयीनं पुढं सरकला. "हात मागं!" मी ओरडले. पण हुं झालंच नाही. ती फिरलीच. बंद केली, चालू केली, पुन्हा फिरली. मग पट्टा चढवला, जातं साफ व्हायला मूठभर ज्वारी दळली आणि ते पीठ कोंबड्यांना टाकलं.

पावणेदहाला मोबाइलवाला नारळ घेऊन आला. सासूबाईंनी त्याला बसायला पाट दिला आणि म्हणाल्या, "नारळ आनलाच हाईस तर फोड मशिनीम्होरं. फुकट न्यायचा कशाला?" त्यानं दिरांकडं बघितलं. दीर गाडीकडं गेले होते. डिकीतून गव्हाचा डबा काढून त्यांनी तो आणून रांगेत सगळ्यांच्या पुढं ठेवला. "वहिनी, बारीक दळा. सणाचं हाय."

मी डबा उचलला, सहा डबे मागं नेऊन ठेवला आणि पहिल्या नंबरचे गहू ओतले.